अंबिकेने काढलेली चाल

मी, चिंतामणी हरिश्चंद्र धैर्यवान, वय एक्क्याऐंशी, पूर्वी वृत्तपत्रात उपसंपादक, सध्या काही नाही, राहणार दादर पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. माझ्या डॉक्टर दर्शना कोठारे यांनी काल मला तपासले. तारीख, वार आणि शंभरातून सात-सात वजा करत जाणे, हे सगळे मला जमले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. २००४ साली केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यात घर, ठेवी आणि पुस्तके यांची व्यवस्था नीट होती. मुख्य गोष्ट राहून गेली होती.

१. व्यवस्थापक म्हणून मी अ‍ॅडव्होकेट वैभव धुरी, राहणार लालबाग, यास नेमतो. तो माझी दिवंगत पत्नी अंबिका हिच्या भावाचा मुलगा. माझ्या पश्चात वैभवने या लेखातील कलम सात सर्वांत आधी माझी मुलगी क्षितिजा हिच्या हाती द्यावे. घराचे कागद त्यानंतर. ते तिला एकटीला वाचू द्यावे, मोठ्याने वाचून दाखवू नये. त्या कलमात जे आहे ते मी तिला पंचेचाळीस वर्षांपूर्वी तोंडाने सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे ती इतकी वर्षे आपल्या आईबद्दल चुकीचा समज धरून जगली आहे.

२. दादर येथील तळमजल्यावरील दोन खोल्यांचे मालकीचे घर मी संपूर्णपणे क्षितिजास देतो. क्षितिजास दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. गिरगावात आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्या बासष्ट पायऱ्या ती सोळा वर्षे चढली. म्हणून १९८८ साली आम्ही हे तळमजल्याचे घर घेतले, आणि मग कळले की इमारतीच्या दाराशी एक उंच पायरी आहे. तिथे उतार करून द्यावा म्हणून मी सोसायटीला अकरा अर्ज दिले. सभेत आमचे सेक्रेटरी श्री. यतीन नवलकर म्हणाले, "धैर्यवान, एका पायरीचा किती बाऊ कराल? आम्हीही म्हातारे होणारच आहोत की."

ते आता झाले आहेत. माझा गुडघ्याला बांधायचा पट्टा, चांगल्या स्थितीत, मी श्री. नवलकर यांस देतो. उतार अजून झालेला नाही.

३. बँकेतील सर्व ठेवी क्षितिजाच्या. पुस्तके तिला हवी तेवढी, बाकीची दादरच्या कोणत्याही वाचनालयाला. माझ्या चित्रपट परीक्षणांच्या कात्रणांच्या बारा वह्या आहेत. बत्तीस वर्षे मी दर शुक्रवारी दुपारी चारच्या आत परीक्षण दिले, एकदाही उशीर केला नाही. या वह्या रद्दीत द्याव्यात. ज्या एका चित्रपटावर लिहायला हवे होते, त्यावर त्यांत एक ओळ नाही.

४. अंबिकेची कामाची हत्यारे पुढीलप्रमाणे द्यावीत. चित्रावर चित्र ठेवून काढायची तिची लाइटची पेटी, कागद जागेवर अडकवायची खुंट्यांची पट्टी आणि सात कुंचले, हे संघमित्रा जाधव हिला. ही मुलगी कॉलेजच्या प्रकल्पासाठी २०२३ साली माझ्याकडे आली. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

अंबिकेचे स्टॉपवॉच क्षितिजास. क्षितिजा, लहानपणी आई तुला गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायची आणि हे घड्याळ दाबायची. तुला वाटायचे डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे. तसे नव्हते.

५. आता त्या चित्रपटाविषयी. मालमत्तेत त्याची नोंद "एक डबा, सोळा मिलिमीटर फिल्म, 'दोन बाटल्या', साडेसहा मिनिटे" अशी करावी. कायद्याला एवढे पुरे. मला मात्र त्याचे परीक्षण लिहायचे आहे. पत्नीच्या कामावर आपण लिहू नये या सबबीखाली मी ते टाळले.

हाताने काढलेल्या चित्रांचा हा व्यंगपट सीताराम चव्हाण यांच्या स्टुडिओत तयार झाला. लालबागला मसाल्याच्या डंकाच्या वरचा पोटमाळा म्हणजे तो स्टुडिओ. खाली दिवसभर मिरची कुटली जाई, वर टेबले हलत. त्यामुळे कॅमेरा चालवायचा तो फक्त एक ते तीन, डंकावरची माणसे जेवायला जात तेव्हा. चित्रे रंगवायच्या पारदर्शक शीटना आम्ही 'सेल' म्हणत असू. ते महाग म्हणून एक जाहिरात संपली की बादलीत धुऊन पुन्हा वापरत. सीताराम सांगायचे, "बेबी, ह्या सेलवर आत्तापर्यंत पाच साबण आणि दोन टूथपेस्ट होऊन गेल्यात, बघ जरा जपून." अंबिकेला ते बेबी म्हणत. गिरणी कामगाराची मुलगी, सतराव्या वर्षी रंगकामाला लागली, आणि चोविसाव्या वर्षापर्यंत त्या स्टुडिओतली प्रत्येक हालचाल तीच काढत होती. मी तिथे जाहिरातींचे संवाद लिहायला जात असे. तिथेच आमचे जमले. माझ्या घरच्यांना ते रुचले नाही. त्यांच्यापैकी आता कोणी नाही, म्हणून तो हिशेब सोडून देतो.

१९८० साली एका समितीने मुलांनी दूध प्यावे यासाठी छोटा चित्रपट मागवला. कथा मी लिहिली, म्हणजे अर्धे पान. बाकी सगळे अंबिकेचे. एक मुलगी सकाळी दूधकेंद्रावर जाते, काचेच्या दोन बाटल्या घेते आणि तीन मजले चढून घरी येते. शेवटी उंबऱ्यावर बसून बाटलीचे पातळ झाकण काढते आणि त्याला चिकटलेली साय चाटते. एवढेच घडते.

रंगाला पैसे नव्हते, म्हणून चाळीच्या भिंती चहाच्या पाण्याने रंगवल्या. जिथे ओल दाखवायची तिथे चहा दोनदा फिरवला. पूर्ण चित्रात एकच विकतचा रंग आहे, फ्रॉकचा निळा. संगीताला पैसे नव्हते. अंबिकेने खालच्या डंकाचा ठोका टेपवर घेतला आणि तो मुलीच्या चढण्याला लावला. मुलगी दमते तसा ठोका सावकाश होतो. पुढे मोठमोठ्या वाद्यवृंदांचे चित्रपट मी पाहिले आणि त्यांची तोंडभरून स्तुती केली. दमलेल्या मुलाच्या छातीतला आवाज इतका खरा मला त्यांत कुठे ऐकू आला नाही. चौथ्या मिनिटाला नीट पाहिले तर फ्रॉकवर एक पुसट हसरा चेहरा दिसतो. तो धुऊनही न गेलेला जुन्या जाहिरातीतला साबण आहे. पायऱ्या बासष्ट आहेत आणि एकही दुसरीसारखी नाही. काठावर कुठे झिजली, कुठे फरशीचा तुकडा उडाला, सगळे आमच्या गिरगावच्या जिन्याचे. ती मुलगी कोण हे वेगळे सांगायला नको. दोन वेण्या, डावीकडची जराशी सुटलेली.

हा चित्रपट दादरच्या एका शाळेच्या सभागृहात एकदा, आणि इतरत्र बहुधा चारदा दाखवला गेला. कोणी त्याच्याविषयी लिहिले नाही. कोणी लिहिले असते तर त्याला चांगले म्हणता आले नसते, आणि तो दोष अंबिकेचा नव्हता.

६. चित्रपटाच्या पाटीवर लेखन माझे, निर्मिती सीताराम यांची, आणि अंबिकेचे नाव रंगकामाच्या साहाय्यकांत चौथे आहे. पाटी मीच लिहिली होती. जागा कमी पडली असे मी तेव्हा सांगितले. यापुढे हा चित्रपट कुठेही, कोणीही दाखवल्यास तो अंबिका धैर्यवान यांचा चित्रपट म्हणून दाखवावा. माझे नाव नसले तरी चालेल. नसावे हे बरे.

७. हे कलम क्षितिजासाठी.

क्षितिजा, चित्रातल्या मुलीची चाल आईने सरळ काढलेली नव्हती.

आईने गॅलरीत घड्याळ लावून तुझी चाल मोजली होती. डावा पाय जमिनीवर किती वेळ, उजवा किती कमी वेळ, खांदा कधी कलतो. साधी चाल आठ चित्रांत होते. तुझ्या चालीला तिने चौदा चित्रे काढली. जिना चढताना तू उजव्या गुडघ्यावर हात दाबून चढायचीस. हातात दोन बाटल्या असल्या तर हात कसा दाबणार? म्हणून तिच्या चित्रातली मुलगी एक बाटली वरच्या पायरीवर ठेवते, गुडघा दाबते, चढते, बाटली उचलते, आणि पुन्हा पुढच्या पायरीवर ठेवते. सगळा चित्रपट तोच होता. बासष्ट वेळा. कोणी मदतीला येत नाही, ती कोणाला बोलावत नाही, आणि दूध सांडत नाही.

चित्रीकरण निम्मे झाले असताना तुझे आजोबा आजारी पडले आणि आई अकरा दिवस देवगडला गेली. समितीला शुक्रवारी प्रिंट द्यायची होती. सीतारामांनी मला बोलावले आणि म्हणाले, "धैर्यवान, दूध प्या म्हणून सांगायचं आणि पोरगी लंगडतेय, हे कमिटीला कसं चालेल? तुम्हीच काय ते ठरवा. बेबीला पत्र जाऊन यायला आठवडा जाईल."

मी ठरवायला दहा मिनिटेही घेतली नाहीत. माझे कामच ते होते. दुसऱ्याच्या मजकुरातले जे बोचेल ते काढायचे आणि पान वेळेवर सोडायचे. स्टुडिओत एक तयार चाल असे, आईनेच पूर्वी बिस्किटाच्या जाहिरातीसाठी काढलेली, कोणत्याही मुलाला लावता येईल अशी. मी ती काढायला लावली, तिच्यावर तुझा निळा फ्रॉक रंगवून घेतला, आणि जुन्या सेलऐवजी ते सेल लावून आधी झालेला भागही पुन्हा चित्रित करायला लावला. गुरुवारी तीनच्या आत काम संपले. आईचे सेल सीतारामांनी नेहमीप्रमाणे धुवायला टाकले. कागदावरची चित्रे तिथेच पडली होती. पुढे पोटमाळा साफ झाला तेव्हा ती गेली.

कमिटीने काहीच हरकत घेतली नाही. त्यातल्या एका डॉक्टरीण बाईंनी फक्त विचारले, "ती मुलगी मध्येच एका पायरीवर बाटली का ठेवते हो? काही कारण दिसत नाही." एका ठिकाणी बदलायचे राहून गेले होते.

रविवारी सकाळी दादरच्या शाळेत आपण तिघे पाहायला गेलो. आई आदल्या दिवशीच परतली होती. तिला मी काही सांगितले नव्हते. तू नऊ वर्षांची. चित्रपट संपल्यावर तू आईला विचारलेस ते तुला आठवत असेल.

"आई, ही मीच ना?"

"हो."

"मग ही सरळ का चालते?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचत होतो. ती म्हणाली, "चित्रात सगळेच सरळ चालतत गो, बाय."

तिने तो दोष स्वतःवर घेतला तो असा, माझ्या देखत, आणि मी पत्रिका वाचत राहिलो.

घरी आल्यावर तू शेजारी खेळायला गेलीस तेव्हा आई बोलली. रागावली की ती मालवणीवर यायची. "माझ्या चेडवाची चाल तुमका चूक वाटली?" मी म्हणालो, तिला कोणी हसू नये म्हणून केले. ती म्हणाली, "हसणारे हसतले. पण तिका कळला असता, आवस आपल्याक बघता म्हणान." आई आपल्याकडे बघते, हे तुला कळावे म्हणून तिने चौदा चित्रे काढली होती. मग एवढेच म्हणाली, "आता तुमीच तिका सांगा. मी सांगलंय तर ती तुमची चहाडी होतली."

मी म्हटले, पुढच्या रविवारी सांगतो.

त्यानंतर आईने हालचाल काढायचे काम सोडले. घरी बसून लग्नपत्रिका रंगवल्या, शाळांचे तक्ते रंगवले. तुला वाटले तिला कंटाळा आला. मला तिने पुन्हा एकदाच टोकले. काही वर्षांनी हा चित्रपट स्टुडिओत लागला होता. तो पाहून आली आणि भांडी लावता लावता म्हणाली, "सगळा काय पुसूक जमला नाय तुमका." मला तो टोमणा वाटला.

तू आईशी कधी भांडली नाहीस. पण आजारपणात, परीक्षेत, नोकरीत काही बिनसले की तू मला सांगायचीस, आईला नाही. त्याचे कारण मला माहीत होते. २०१९ साली ती परळच्या हॉस्पिटलात होती. भेटीची वेळ चार ते सहा. तू बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसलीस आणि म्हणालीस, "बाबा, आईला मी सरळ हवी होते. तिची काय चूक? कुठल्याही आईला तसंच वाटेल. मी कधीच मनात ठेवलं नाही."

तू ते ठेवले होतेस, म्हणूनच ते वाक्य तुझ्याकडे तयार होते. त्या क्षणी आत जाऊन दोघींच्या समोर सांगायचे होते. आई शुद्धीवर होती. मी म्हणालो, "चहा घेतेस का?" आई तिसऱ्या दिवशी गेली.

संघमित्रा आली ती चार वर्षांनी. तिने तो डबा नेला, कॉलेजात त्याची कॉम्प्युटरवर प्रत केली आणि एका दुपारी घाईघाईने परत आली. म्हणाली, "काका, एक विचारू? तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, भिंतीवर मुलीची सावली पडते ना? मुलगी सरळ चालतेय आणि सावली लंगडतेय. हे कसलं भारी आहे! मुद्दाम केलंय का?"

सावली वेगळ्या सेलवर असते. मुलीच्या खाली. मी वरचे बदलले आणि खालचे विसरलो. अकरा सेकंद आहे ती. खांदा कलतो, उजवा पाय पटकन उचलला जातो, बाटलीचा हात जरा लांब जातो. आई म्हणाली होती सगळे पुसता आले नाही, ते हे. तिला दिसले होते. मी बत्तीस वर्षे पडद्याकडे पाहून पोट भरले आणि मला दिसले नाही.

मी तुला ते दाखवायचा प्रयत्न केला. एका शनिवारी तू औषधांचे डबे भरायला आलीस तेव्हा लॅपटॉप उघडून ठेवला होता. नाव पाहिल्याबरोबर तू म्हणालीस, "नको बाबा. ती फिल्म नको." मी लगेच बंद केला. तुझे 'नको' मला सोयीचे होते.

म्हणून हे लिहिले. माफ कर असे मी लिहीत नाही, कारण ज्या दोघींचे नुकसान मी केले त्यांपैकी एक आता नाही, आणि दुसरीने, पहिलीची काहीच चूक नसताना, तिला माफ करण्यात आयुष्य घालवले आहे. फक्त पाहा. चार मिनिटे पन्नास सेकंदांपासून. मुलीकडे पाहू नकोस, भिंतीकडे पाहा. आई तुझ्याकडे बघत होती.

८. 'दोन बाटल्या' या चित्रपटाचा डबा, त्याची प्रत आणि त्यावरील माझे जे काही हक्क असतील ते सर्व क्षितिजास. संघमित्रा म्हणते की सावलीवरून मोजून मुलीची मूळ चाल पुन्हा काढता येईल, तिला ते करायचे आहे. करायचे की नाही, कसे, आणि कोणाला दाखवायचे, हे क्षितिजाने ठरवावे. तिला डबा समुद्रात टाकावासा वाटला तर वैभवने तिला अडवू नये. या चित्रपटाच्या बाबतीत माझे मत कोठेही ग्राह्य धरू नये, हे मी वकिलाच्या सल्ल्याविरुद्ध लिहीत आहे.

९. माझे अंत्यविधी साधे असावेत. शोकसभा नको. घेतलीच आणि कोणी माझ्या वेळेच्या शिस्तीचे कौतुक करू लागले, तर क्षितिजाने उठून जावे.

मसुदा वाचून वैभव म्हणाला, "काका, हे मृत्युपत्रात कशाला? ताई दर शनिवारी येते. आज पण येईल. सांगून टाका ना. आत्याने तुम्हाला हेच सांगितलेलं ना?" मी त्याला सांगितले, तू कलमांचे क्रमांक तपास.

वरील मजकूर टाइप झाल्यावर मी स्वतःच्या हाताने पुढील ओळी जोडत आहे. साक्षीदार समोर बसले आहेत. क्षितिजा वरळीहून आली आहे आणि स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा करते आहे. मृत्युपत्रावर सह्या आहेत एवढे तिला ठाऊक आहे. आत्ताच तिने आतून विचारले, "बाबा, झालं का? नीट वाचून घ्या हं, काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा." वैभवने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनीही पाहिले.

मी म्हणालो, "काही राहिलं नाही. साखर कमी घाल."

येणेप्रमाणे लिहून, वाचून, साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: दादर, मुंबई
दिनांक: शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

(सही) चिंतामणी हरिश्चंद्र धैर्यवान

लिहून देणार यांनी आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली:

१. (सही) डॉ. दर्शना कोठारे, दादर
२. (सही) राजस वेलकर, शेजारी, पहिला मजला